विंडोजचे पाथ लिनक्सवर: स्लॅश उलटवले, तरी फायली सापडत नाहीत

कागदवही

मंडळी, धागा काढायचं कारण असं. आमच्याकडे स्कॅन केलेल्या जुन्या कागदपत्रांची मोठी यादी आहे, सीएसव्ही फाइलमध्ये. ओळीगणिक कागदाचा क्रमांक, शीर्षक आणि शेवटी स्कॅनचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा डिस्कवरचा पत्ता. यादी तिघांनी मिळून केली. दोघं विंडोजवर होते, एक जण मॅकवर. आता सगळे स्कॅन लिनक्स सर्व्हरवर हलवलेत, आणि तिथली स्क्रिप्ट ही यादी वाचून एकेक फाइल उघडते. म्हणजे उघडायला हवी.

पाथ तीन तऱ्हांचे आहेत:

डी:\संग्रह\पत्रे\भाग १\पत्र_००१.टिफ
\\भांडार\स्कॅन\पत्रे\भाग २\पत्र_११७.टिफ
/व्हॉल्यूम्स/जुनी डिस्क/संग्रह/नकाशे/नकाशा_०४.टिफ

सर्व्हरवर सगळं '/डेटा/संग्रह' खाली आहे. मी बॅकस्लॅशचे साधे स्लॅश केले, 'डी:' काढून पुढे '/डेटा' लावलं, बाकी दोन तऱ्हांनाही तसंच. पुष्कळ फायली सापडल्या, पण पुष्कळ नाहीत, आणि न सापडलेल्यांत काही सूत्र दिसत नाही. कुठून सुरुवात करू?

(इथे सगळं देवनागरीत लिहितोय. कमांड, ड्राइव्हची अक्षरं आणि एक्स्टेन्शन प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत हे गृहीत धरा. फोल्डरांची नावं मात्र खरोखरच मराठी आहेत.)

तिरकी_रेघ

फाइंड-रिप्लेस केलंत ना, मग झालं की! हलके घ्या.

न सापडलेल्या ओळी डकवा बघू. आणि एक आधीच विचारतो, स्क्रिप्ट कशात आहे? बॅश (लिनक्सची कमांड चालवायची भाषा) असेल तर विंडोजच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन चिन्हं असतात. बॅश एलएफवर ओळ तोडतं आणि सीआर तुमच्या शेवटच्या रकान्याला, म्हणजे नेमका पाथलाच, चिकटून राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही.

कागदवही

पायथन आहे, सीएसव्ही मॉड्यूल वापरलंय. शिवाय तसं असतं तर विंडोजची एकही ओळ चालली नसती ना?

तिरकी_रेघ

बरोबर. मग तो संशयित सुटला.

सर्व्हरवाली

स्लॅश हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि सगळे तिथेच थांबतात. पाथमध्ये दोन गोष्टी असतात: मोजायला कुठून सुरुवात करायची, आणि तिथून पुढे कसं जायचं. दुसरी गोष्ट सगळीकडे साधारण सारखी असते. पहिली मात्र त्या त्या मशिनपुरतीच खरी. 'डी:' म्हणजे एका विशिष्ट लॅपटॉपची दुसरी डिस्क, शेजारच्या लॅपटॉपवर ती पेन ड्राइव्ह असू शकते. '\\भांडार\स्कॅन' म्हणजे नेटवर्कवरच्या 'भांडार' नावाच्या मशिनने 'स्कॅन' या नावाने शेअर केलेला फोल्डर. त्या मशिनच्या डिस्कवर तो कुठे आहे हे पाथ वाचून कधीच कळत नाही, कुणाला तरी विचारावं लागतं. '/व्हॉल्यूम्स/जुनी डिस्क' म्हणजे मॅकला त्या दिवशी जोडलेली बाहेरची डिस्क.

म्हणून आधी तक्ता बनवा. डावीकडे जुनं मूळ, उजवीकडे सर्व्हरवरचं मूळ:

डी:\संग्रह → /डेटा/संग्रह
\\भांडार\स्कॅन → /डेटा/संग्रह ?
/व्हॉल्यूम्स/जुनी डिस्क/संग्रह → /डेटा/संग्रह

मधल्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलंय. 'स्कॅन' हे शेअर नक्की 'संग्रह' फोल्डरचंच आहे का? तुम्ही नुसता सर्व्हरचं नाव काढून '/डेटा' लावला असेल तर '/डेटा/स्कॅन/पत्रे' तयार झालं असणार, आणि तसा फोल्डर अस्तित्वातच नसेल.

आणखी दोन सूचना. यादीतल्या सगळ्या ओळींवर सरसकट रिप्लेस चालवू नका. आधी ओळ कुठल्या पद्धतीची आहे ते ओळखा, मग त्या पद्धतीने तोडा. लिनक्स आणि मॅकवर फाइलच्या नावातच बॅकस्लॅश असू शकतो. लिनक्सला नावात फक्त साधा स्लॅश आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी सगळं चालतं. दुसरं, मूळ जुळवताना अक्षरांची मालिका जुळवू नका, फोल्डरचं पूर्ण नाव जुळवा. नाहीतर 'डी:\संग्रह_जुना' हेसुद्धा 'डी:\संग्रह' मध्ये बसतं आणि तुम्हाला '/डेटा/संग्रह_जुना' मिळतं, जे कुणीच सांगितलेलं नाही.

अजगरप्रेमी

ताईंनी सांगितलंय ते सगळं पायथनमध्ये फुकट मिळतं. ३.४ पासून पाथलिब आहे. बरेच जण त्यातला नुसता 'पाथ' वापरतात, तो ज्या मशिनवर चालेल त्या मशिनचे नियम लावतो. तुम्हाला हवाय 'प्युअरविंडोजपाथ'. हा डिस्कला हात लावत नाही, फक्त मजकुराचं व्याकरण बघतो, त्यामुळे लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ विंडोजच्या नियमांनी तोडता येतो.

त्याला '\\भांडार\स्कॅन\पत्रे\भाग २' दिलं तर 'ड्राइव्ह' म्हणून तो '\\भांडार\स्कॅन' असं अख्खं परत देतो, म्हणजे सर्व्हर आणि शेअर मिळून एक मूळ. त्याच्यावर 'रिलेटिव्ह_टू' चालवलं की मूळ वजा होऊन उरलेला भाग मिळतो. जुळवणी फोल्डरनिहाय होते आणि विंडोजप्रमाणेच लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. जुळलं नाही तर एरर येतो, गुपचूप चुकीचं उत्तर येत नाही. मग उरलेले 'पार्ट्स' घेऊन 'प्युअरपॉझिक्सपाथ', म्हणजे युनिक्स-लिनक्सच्या नियमांचा पाथ, बांधायचा. मॅकच्या ओळींना थेट पॉझिक्सवाला लावा. जिची कुठल्याच मुळाशी सोयरीक नाही ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि डोळ्यांनी बघा.

'डी:पत्रे\अ.टिफ' असं काही दिसलं, म्हणजे कोलननंतर बॅकस्लॅश नाही, तर त्याचा अर्थ 'डी ड्राइव्हवर सध्या जो फोल्डर चालू आहे तिथून'. हे यादीत असेल तर ते भाषांतरित होऊच शकत नाही, ज्याने लिहिलं त्यालाच विचारा.

शॉर्टकट_शोधक

एवढा खटाटोप कशाला? विंडोजला साधा स्लॅशही चालतो. सगळ्यांना पहिल्यापासून तोच वापरायला सांगा, धागा बंद.

जुनाखोड

चालतो, पण सगळीकडे नाही. त्याचं कारण जुनं आहे.

एमएस-डॉसची पहिली आवृत्ती १९८१ ची. तिच्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे पाथही नव्हते. कमांडला पर्याय द्यायला मात्र साधा स्लॅश वापरात होता, डेक या संगणक कंपनीच्या जुन्या सिस्टिम्सवरची सवय तीच. १९८३ मध्ये डॉस २.० ने युनिक्ससारखे फोल्डर आणले तेव्हा स्लॅशची जागा आधीच गेलेली होती. 'डीआयआर /डब्ल्यू' म्हणजे रुंद यादी की 'डब्ल्यू' नावाचा फोल्डर? म्हणून बॅकस्लॅश. पण आतल्या यंत्रणेने तेव्हापासून दोन्ही स्वीकारले. आजही प्रोग्रॅममधून विंडोजला साधा स्लॅश दिला तर फाइल बहुतेक वेळा उघडते. अडतं ते कमांड प्रॉम्प्टवर, कारण तिथल्या बऱ्याच जुन्या कमांड स्लॅश बघितला की पुढे पर्याय आहे असं समजतात.

आणि एक ठिकाण आहे जिथे साधा स्लॅश अजिबात चालत नाही. विंडोजचा पाथ परंपरेने २६० चिन्हांत बसायला लागतो. त्यापुढे जायचं तर सुरुवातीला '\\?\' लावतात, मग मर्यादा साधारण ३२,७६७ पर्यंत जाते. पण ते लावलं की विंडोज पाथवर काहीही संस्कार करत नाही: स्लॅश उलटवत नाही, '..' सोडवत नाही. जसं दिलं तसं थेट फाइल सिस्टिमकडे.

अवांतर: युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्समध्ये फोल्डर वेगळे करायला 'पेक्षा मोठे' हे चिन्ह होतं, जुन्या मॅकवर कोलन. जपानी विंडोजवर बॅकस्लॅशच्या जागी येनचं चिन्ह दिसतं, कोरियन विंडोजवर वॉनचं. खाली कोड तोच, ५सी. त्यामुळे कुणी जपानहून पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पाथभर पैसे दिसले तर दचकू नका.

काठावरून

वाचनमात्र असतो, पण हा विषय जिव्हाळ्याचा. विंडोजवर गिट बॅशमध्ये (गिटबरोबर येणारी युनिक्ससारखी कमांड विंडो) एका प्रोग्रॅमला '/डेटा' हा पर्याय दिला (तो कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅमसाठी केलेल्या बंदिस्त लिनक्सच्या, आतला पाथ होता), तर त्याच्यापर्यंत 'सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/डेटा' असं पोचलं! हे कोण करतं?

सर्व्हरवाली

गिट बॅशच्या खाली एमएसवायएस२ असतं, ते करतं. हेतू चांगला आहे: तुम्ही युनिक्सच्या थाटात पाथ लिहावा आणि विंडोजच्या प्रोग्रॅमला तो विंडोजच्या थाटात मिळावा. पण स्लॅशने सुरू होणारा प्रत्येक पर्याय म्हणजे पाथच, असा त्याचा समज. कंटेनरचे पाथ आणि '/क्यू' सारखे स्विच दोन्ही त्यात भरडले जातात. तेवढ्या कमांडपुरतं 'एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह' हे व्हेरिएबल १ करा, किंवा सुरुवातीचा स्लॅश दुहेरी लिहून बघा.

हाताने बदलायचे असतील तर सिगविन (विंडोजवर युनिक्सची टूल देणारा संच) आणि एमएसवायएस२ मध्ये 'सिगपाथ' आहे आणि डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) 'डब्ल्यूएसएलपाथ'. दोन्हींत '-यू' म्हणजे युनिक्सकडे, '-डब्ल्यू' म्हणजे विंडोजकडे, '-एम' म्हणजे विंडोजचाच पाथ पण साध्या स्लॅशने. तो तिसरा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण कॉन्फिग फाइलमध्ये बॅकस्लॅश घातला की तो पुढे कुणीतरी एस्केप (पुढच्या चिन्हाचा अर्थ बदलणारी खूण) म्हणून खातंच.

तीन ठिकाणी तीच सी ड्राइव्ह कशी दिसते बघा: सिगविनमध्ये '/सिगड्राइव्ह/सी', गिट बॅशमध्ये नुसतं '/सी', डब्ल्यूएसएलमध्ये '/एमएनटी/सी'. तीही मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल तर. म्हणून या टूलला विचारावं, स्वतः स्ट्रिंग जोडत बसू नये. सिगपाथला '-पी' दिलं तर तो पाथची अख्खी यादी बदलतो, कारण विंडोजवर यादी अर्धविरामाने तुटते आणि युनिक्सवर कोलनने, आणि कोलन तर ड्राइव्हच्या अक्षरानंतरही येतो. याच कोलनमुळे आरसिंकला (फायली एका मशिनवरून दुसऱ्यावर नेणारा प्रोग्रॅम) 'सी:\काहीतरी' दिलं की तो 'सी' नावाचं दुसरं मशिन शोधायला निघतो.

तिरकी_रेघ

झिपचं कुणी काढलं नाही अजून. झिपच्या नियमाप्रमाणे आत साधाच स्लॅश हवा. पण डॉट नेट फ्रेमवर्कचं झिप ४.६.१ च्या आधी बॅकस्लॅश लिहायचं. लिनक्सवर अशी झिप सोडवली की काही वेळा फोल्डर तयारच होत नाहीत, 'पत्रे\भाग १\अ.टिफ' एवढ्या लांब नावाची एकच फाइल मिळते. कागदवही, स्कॅन झिप करून हलवले होते का?

आणि यादी बाहेरून येत असेल तर शेवटी तयार झालेला पाथ '/डेटा/संग्रह' च्या आतच आहे ना हे तपासा. ही तपासणी रूपांतरानंतर करा. आधी केलीत तर '..\..\' मध्ये लिनक्सला काहीच वावगं दिसत नाही, आणि उलटवल्यावर तेच दोन मजले वर चढतं.

कागदवही

झिप नाही, आरसिंकने हलवले.

तक्ता केला, प्युअरविंडोजपाथ लावला. ताईंचं प्रश्नचिन्ह अचूक होतं, 'स्कॅन' हे शेअर 'संग्रह' चंच आहे, आणि मी '/डेटा/स्कॅन' मध्ये शोधत होतो. नेटवर्कच्या ओळींचा मोठा गठ्ठा एका झटक्यात सुटला. आता उरलेल्या ओळी चार प्रकारच्या आहेत:

१. एक्स्टेन्शन यादीत कॅपिटल अक्षरांत, डिस्कवर लहान अक्षरांत.
२. काही ओळींत पाथच्या शेवटी एक स्पेस. गंमत म्हणजे विंडोजवर त्याच ओळीतल्या फायली उघडतात.
३. मॅकवाल्याचे फोल्डर, उदा. '१२/३ ची पत्रे'. इथे '१२' असा फोल्डरच नाही.
४. 'शेतकऱ्यांचे अर्ज' या फोल्डरमधलं सगळं. यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव शेजारी ठेवून बघितलं. कान्यामात्रेचा फरक नाही. तरी सापडत नाही.

जुनाखोड

पहिल्या दोघांचं कारण एकच: विंडोज सांभाळून घेतं. लहान-मोठं अक्षर तो सहसा एकच मानतो, आणि पाथच्या शेवटची स्पेस किंवा टिंब नेहमीच्या मार्गाने जाताना काढून टाकतो. लिनक्सला दोन्ही वेगळी नावं. स्पेस कापून टाका. अक्षरांसाठी सर्व्हरवरच्या सगळ्या नावांचा एकदा कोश बनवा, किल्ली लहान अक्षरांत आणि किंमत खरं नाव, मग त्यातून शोधा. एकाच किल्लीला दोन नावं निघाली तर स्वतः निवडू नका, थांबा.

सफरचंद्या

तिसरं माझ्या वाट्याचं. जुन्या मॅकवर कोलन हे विभाजक होतं, त्यामुळे नावात साधा स्लॅश खुशाल चालायचा. नवं मॅक ओएस आलं ते खालून युनिक्स, तिथे स्लॅश विभाजक. मग तडजोड अशी की फाइंडरमध्ये (मॅकची फायली बघायची खिडकी) नावात स्लॅश टंकला की खाली डिस्कवर कोलन पडतो, आणि टर्मिनलमधून बघितलं की कोलनच दिसतो. तुमच्या माणसाने फाइंडरमध्ये दिसलं तसं नाव हाताने टंकलं असणार. सर्व्हरवर '१२:३ ची पत्रे' शोधा.

पुढे हे कधी विंडोजवर न्यायचं असेल तर कोलन तिथेही चालणार नाही, आत्ताच नाव बदलून घ्या.

कागदवही

सापडला! '१२:३ ची पत्रे'. हे मला जन्मात सुचलं नसतं.

अजगरप्रेमी

चौथं खरं मजेदार आहे. 'शेतकऱ्यांचे' मधला 'ऱ' बघा. युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध 'ऱ', कोड ०९३१, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब), ०९३० आणि ०९३सी. अर्थ आणि रूप तेच, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं साठवताना अशी एकसंध अक्षरं फोडून ठेवते. तुमची 'जुनी डिस्क' त्याच प्रकारची असणार. आरसिंकने फोडलेलं नाव जसंच्या तसं सर्व्हरवर नेलं. लिनक्सला भाषा कळत नाही, तो बाइट जुळवतो. यादीत मात्र कीबोर्डवरून आलेला एकसंध 'ऱ'.

पायथनच्या 'युनिकोडडेटा' मधलं 'नॉर्मलाइझ' दोन्ही बाजूंना लावा, यादीलाही आणि डिस्कवरून वाचलेल्या नावालाही, म्हणजे दोन्हींचं लेखन एकाच साच्यात येईल. प्रकार 'एनएफसी', तो फोडलेली अक्षरं सहसा एकसंध करतो. एकाच बाजूला लावून भागणार नाही. नुक्तावाले 'ज़', 'फ़' यांना एनएफसीसुद्धा फोडूनच ठेवतं, त्यामुळे एक बाजू कच्ची राहिली की तेच रडगाणं दुसऱ्या अक्षराशी.

तरीही एखादं नाव जुळलं नाही तर ते 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असं टंकलेलं असेल. 'ऱ्या' दिसायला तसाच दिसतो, पण युनिकोडच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत, नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. त्यासाठी स्वतःच एक बदल लिहावा लागेल: र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. जुनाखोड काकांनी सांगितलेल्या कोशाची किल्ली बनवतानाच हे दोन्ही करून टाका.

शॉर्टकट_शोधक

फोल्डरांना मराठी नावं द्यायची हौसच का म्हणतो मी.

तिरकी_रेघ

त्या नियमाने फ्रेंच, व्हिएतनामी आणि कोरियन लोकांनीही नावं बदलावीत, त्यांनाही हेच भोगावं लागतं. नावं आहेत तशी राहू देत, किल्ली नीट बनवा.

कागदवही

किल्लीत सगळं घातलं: एनएफसी, जॉइनरवाला बदल, लहान अक्षरं, शेवटची स्पेस. 'शेतकऱ्यांचे अर्ज' अख्खा सापडला. दोन अर्जांत झिरो विड्थ जॉइनरही निघाला!

सीएसव्हीमध्ये आता पूर्ण पाथ ठेवत नाही. फक्त 'संग्रह' पासूनचा पुढचा भाग, साध्या स्लॅशने. मूळ कुठे आहे ते प्रत्येक मशिनच्या सेटिंगमध्ये.

एकच फाइल उरली आहे. विंडोजवर आहे, उघडते, सर्व्हरवर मात्र कुठेच नाही. तिचं नाव लांबलचक आहे, अर्जाचा अख्खा विषयच नावात लिहिलाय.

सर्व्हरवाली

मग ती सर्व्हरवर पोचलीच नसेल. आरसिंकच्या लॉगमध्ये 'फाइल नेम टू लाँग' शोधा. विंडोजची एनटीएफएस एका नावाला २५५ पर्यंत युनिट देते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एक युनिट. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरी चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे, काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे. 'विद्यार्थी' हीच १० चिन्हं, ३० बाइट.

कागदवही

लॉगमध्ये आहे, अगदी हाच एरर. पहिले २५५ बाइट ठेवून बाकी कापू का?

सर्व्हरवाली

बाइट मोजून कापलंत तर शेवटचं चिन्ह मधूनच तुटेल आणि नाव धड वाचताच येणार नाही. चिन्हं मोजून कापा, एक्स्टेन्शनला जागा ठेवा, आणि शेवटी हलन्त लोंबकळत राहिला तर तोही काढा. पूर्ण विषय सीएसव्हीच्या शीर्षकाच्या रकान्यात टाका, त्यासाठीच तो रकाना आहे. नाव विंडोजवरच बदला, मग आरसिंक पुन्हा चालवा.